दोन वर्षांचे मूल आणि दात घासणे

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘लहान मुलांचे दात’ एवढेच शब्द पाहून आपल्यापैकी काहींनी एकमेकांकडे पाहिले, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. वाचन, लेखन आणि गणनक्रिया यांच्या पंक्तीला हा विषय येऊन बसला कसा, आणि तोही शाळेच्या उंबरठ्याबाहेरील दीड-दोन वर्षांच्या मुलाचा, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. ते मूल आपल्या हजेरीपटावर नाही. त्याच्या प्रगतीचा तक्ता आपल्याला भरावयाचा नाही. परंतु चार वर्षांनी ते आपल्याच वर्गात येऊन बसणार आहे, आणि त्या वेळी त्याची दाढ ठणकत असेल तर आपण फळ्यावर कितीही सुबक अक्षर काढले तरी ते त्याला दिसणार नाही. गालाला हात लावून बसलेले मूल आपण सर्वांनी पाहिले आहे. गैरहजेरीच्या कारणांत आपण ‘ताप’ लिहितो, ‘गावी गेला’ लिहितो. ‘दात दुखतो’ हे कारण किती वेळा दडून राहते, ते एकदा आपल्याच वर्गात विचारून पाहावे.

आपला वऱ्हाडी शेतकरी बैल घेण्यास बाजारात जातो, तेव्हा प्रथम काय पाहतो? शिंगे, खांदा, चाल हे सर्व नंतर. आधी तो बैलाचा जबडा धरून ओठ वर करतो आणि दात पाहतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे त्याला क्षणात कळते, आणि त्यावर तो हजारो रुपयांचा व्यवहार करतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली मात्र आठ असतात, हे ज्ञान त्याला कोणत्याही पुस्तकावाचून आहे. त्याच गृहस्थाला विचारावे, “दादा, तुमच्या लहान पोराला दात किती आले?” तो हसतो आणि घरात आवाज देतो. घरातूनही उत्तर येत नाही. मी हे टीका म्हणून सांगत नाही. ओठ वर करून पाहण्याची विद्या आपल्या गावात आहेच. ती गोठ्यातून घरात आणावयाची आहे, एवढाच माझ्या सांगण्याचा अर्थ.

आता थोडी माहिती. मुलाचे दुधाचे दात एकूण वीस. साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दोन दिसू लागतात, आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत विसाच्या वीस येतात. ‘हे तर पडणारच आहेत, मग त्यांची एवढी काळजी कशाला?’ हा प्रश्न आपल्याला प्रत्येक माता-मेळाव्यात ऐकावयास मिळेल. त्याचे उत्तर शिक्षकाजवळ तयार असले पाहिजे. पुढचे दात सहा-सात वर्षांनी पडतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत मुखात राहतात. म्हणजे पहिलीपासून पाचवीपर्यंत मूल भाकर चावते ते बहुतांशी त्याच दाढांनी. शिवाय दुधाच्या दाताचे कवच पक्क्या दातापेक्षा पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आत पोचते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे एक मोठी दाढ गुपचूप उगवते. ती पक्की असते, जन्मभराची असते. परंतु पडलेल्या दाताच्या जागी आलेली नसल्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. आपल्या पहिलीच्या वर्गातील मुलांच्या तोंडात ती आज येत आहे.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती. म्हणजे पहिलीच्या दारात येणाऱ्या दर दोन मुलांपैकी एक. आता ‘कीड’ हा शब्दच आपल्याला फसवितो. दातात किडा नसतो. बाजारात धुरी देऊन किडा काढून दाखविणारा मनुष्य जे दाखवितो ते त्याने आधीच आपल्या हातात ठेवलेले असते. तोंडातील सूक्ष्म जंतू गोड व पिठूळ पदार्थांचे आम्ल करतात, ते आम्ल दातावरील कवच विरघळविते, आणि लाळ ते पुन्हा भरून काढण्याचा प्रयत्न करते. दिवसा हा सामना बरोबरीचा चालतो. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून चहात बुडविलेले बिस्कीट खाऊन किंवा साखरेच्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपलेल्या मुलाचे दात रात्रभर हरत राहतात. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल की, लहान मुलाचे दात सकाळी घासले नाहीत तर एक वेळ चालेल, पण रात्री घासलेच पाहिजेत. आपल्याकडे रीत नेमकी उलट आहे. त्यातून वेचणीच्या दिवसांत किंवा सोयाबीन सोंगणीला आई पहाटेच शेताची वाट धरते. तेव्हा सकाळी मुलाचे दात घासावयास घरी आहे कोण? रात्रीचे जेवण झाल्याबरोबर, मूल पेंगावयास लागण्यापूर्वी, ही वेळ वऱ्हाडातील घराला सर्व दृष्टींनी सोयीची आहे.

इतके सर्व आईला पटले तरी खरी अडचण पुढेच असते. मूल तोंड उघडत नाही. “गुरुजी, थे पोट्टं तोंडच उघडत नाई, दोघं जनं धरतो तरी रट्टे देते,” हे वाक्य मी या दोन्ही जिल्ह्यांत थोड्याफार फरकाने अनेकदा ऐकले आहे. येथे आपल्यासारख्या शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी काही विचार करण्यासारखा आहे. वर्गातील मूल उत्तर देत नाही तेव्हा ‘हट्टी आहे’ म्हणून मोकळे होणारा शिक्षक आणि ‘का देत नसेल’ असे स्वतःला विचारणारा शिक्षक यांत जो फरक असतो, तोच येथेही आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या नकाराला कारणे असतात, आणि ती बहुधा अगदी साधी असतात.

पहिले कारण, पेस्ट तिखट लागते. मोठ्यांची पेस्ट (आपल्याकडे ती कोणत्याही कारखान्याची असो, तिला कोलगेटच म्हणतात) पुदिन्याच्या अर्काने जिभेला झोंबते. आपल्याला ते ताजेपण वाटते. मुलाला ते मिरचीसारखे वाटते. ब्रश मोठ्या भावाचा जुना, केस फाकलेले, टोचणारा असतो. थंडीच्या दिवसांत पाणी गार असते. खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या पूर्णाकाठच्या खेड्यांत, हापशाचे पाणी खारट असते आणि त्याच पाण्याने चूळ भरावयास सांगितली तर मूल तोंड फिरविणारच; तेथे पिण्याच्या माठातील एक पेला पाणी या कामासाठी वेगळे काढावे, अधिक लागत नाही. आणखी एक कारण असे आहे की, जे फार थोड्यांना ठाऊक असते. वरचा ओठ उचलला तर ओठ आणि हिरडी यांना मधोमध जोडणारा एक लहानसा पातळ पडदा दिसतो. ब्रश वेगाने आडवा फिरला की तो त्या पडद्याला लागतो आणि मुलाला चांगलीच कळ येते. आईला वाटते पोर उगीच रडते. वास्तविक ते बरोबर रडत असते. ओठ उचलताना आपले बोट त्या पडद्यावर आडवे ठेवून दात घासले तर निम्मे रडणे त्या दिवसापासून थांबते.

कालपर्यंत निमूटपणे घासू देणारे मूल आज अचानक नाही म्हणू लागले, तर मात्र आधी तोंडात पाहावे. नवी दाढ फुटत असेल, तोंड आले असेल, किंवा एखादा दात किडून दुखू लागला असेल. अचानक आलेला नकार हे पुष्कळदा दुखण्याचे सांगणे असते, कारण ‘येथे दुखते’ म्हणण्याइतकी भाषा त्याच्याजवळ अद्याप नसते.

ही सर्व शारीरिक कारणे झाली. यांहून मोठे कारण मनाचे आहे. दीड ते तीन या वयात मुलाला ‘मी’ सापडतो. जेवण मी घेईन, चप्पल मी घालीन, पाणी मी ओतीन, अशी ही धडपड चालू असते. नेमक्या त्याच काळात आपण त्याचे हात धरतो, डोके दाबतो आणि त्याच्या तोंडात, म्हणजे त्याच्या देहाच्या सर्वांत खाजगी दारातून, एक काडी घालतो. त्याने मुकाट्याने हे करू द्यावे अशी अपेक्षा करणे हेच आश्चर्य आहे. दोघांनी धरून घासलेले दात त्या रात्रीपुरते स्वच्छ होतात. परंतु दुसऱ्या दिवशी ब्रश दिसताच ते मूल ओसरीवरून पळते. एखादी रात्र दात न घासता गेली तर होणारे नुकसान भरून येते. महिनाभर बसलेली धास्ती लवकर जात नाही.

धास्तीवरून एक गोष्ट ओघाने आली म्हणून सांगतो. “दात घास, नाही तर शाळेत गुरुजी मारतील,” असे घरोघरी सांगतात. ‘डॉक्टर सुई देतील’ याचाच हा भाऊ. चार वर्षे आपले नाव बागुलबुवा म्हणून वापरले गेल्यानंतर ते मूल पहिलीच्या पहिल्या दिवशी आपल्यासमोर उभे राहते, आणि आपण म्हणतो, ‘मूल बुजरे आहे.’ माता-मेळाव्यात इतर काही सांगावयास वेळ मिळाला नाही तरी, आमच्या नावाने भीती घालू नका, एवढे प्रत्येकाने अवश्य सांगावे.

मग करावयाचे काय? येथेच आपला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा, संबंध येतो. त्या दोन वर्षांच्या मुलापर्यंत आपला हात पोचत नाही. परंतु त्याची बहीण दुसरीत आहे, त्याचा भाऊ चौथीत आहे. लहान मूल आईबापांची आज्ञा मोडील, पण मोठ्या भावंडाची नक्कल केल्यावाचून राहणार नाही. दप्तर पाठीवर घेऊन अंगणात फिरणारे, उलटे पुस्तक धरून वाचणारे दोन वर्षांचे मूल आपण पाहिले नाही काय? त्याला कोणी ‘वाच’ म्हणून सांगितलेले नसते.

पूर्णाकाठच्या एका गावी एका शिक्षिकेने या गोष्टीचा जो उपयोग करून घेतला तो मला फार आवडला. दुसरीतील एक मुलगी रोज सांगे, की घरी बाबू दात घासू देत नाही, आई रागावते आणि तो रडून झोपतो. बाईंनी तिला सांगितले, “त्याला बोलावू नको. ‘ये’ म्हणू नको. रात्री जेवण झाले की त्याच्यासमोर ओसरीवर बस, लहान आरसा समोर धर आणि सावकाश आपले दात घास. मजा येते आहे असे दिसू दे.” पहिल्या रात्री बाबूने दुरून पाहिले. दुसऱ्या रात्री तो आरशाच्या मागे जाऊन आला. तिसऱ्या रात्री त्याने हात पुढे करून म्हटले, “मले.” बहिणीने आधीच आणून ठेवलेला लहान मऊ ब्रश, पेस्ट न लावता, नुसता पाण्यात बुडवून त्याच्या हाती दिला. चार-पाच दिवस त्याने तो केवळ चावला. बाईंनी आईला निरोप पाठविला होता की, चावू द्या, हसू नका, सुधारू नका. नंतर एके रात्री आईने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि ‘आता माझी पाळी’ म्हणून दुसऱ्या ब्रशाने घासू लागली. बहीण शेजारी बसून एक ते दहा मोजू लागली. दहा झाले की थांबावयाचे, असे ठरले होते, आणि आई खरोखरच थांबली. पुढे दहाचे वीस झाले, विसाचे चाळीस. मी त्या शाळेच्या भेटीस गेलो तेव्हा त्या मुलीने मला हे सर्व सांगितले आणि शेवटी तक्रारही केली की, “आता थो माहाच ब्रश मांगते, सर.”

यातील प्रत्येक पायरीमागे कारण आहे, आणि ते आपल्याला कळले म्हणजे गावागावांत थोडाफार फेरफार करून तेच करता येईल. मांडीवर डोके घेणे आपल्या आयाबायांना नवे नाही; उवा पाहताना, डोळ्यांत काजळ घालताना मुलाला असेच घेतात. बसलेल्या मुलासमोर उभे राहून घासण्यापेक्षा या बैठकीत तोंडातील सर्व कोपरे दिसतात आणि मूलही स्वस्थ राहते. मोजण्याचा उपयोग असा की, दुःख कधी संपेल हे कळले की ते निम्मे होते. तोंडात ब्रश किती वेळ राहणार हे न कळणे हीच लहान मुलाची मोठी भीती असते. म्हणून दहा म्हणून अकरावर जाणे हा विश्वासघात समजावा. दोन ब्रश असण्याचे कारण, एक त्याच्या ‘मी’साठी आणि एक खऱ्या कामासाठी. आणि विचारावयाचे ते “घासायचे का?” असे विचारू नये, कारण त्याला ‘नाही’ हे एक उत्तर तयारच असते, “आधी खालचे की वरचे?” असे विचारावे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरात असेल तर आधी बैलाचे दात घासावे, मग बैलाच्या धन्याचे. एका घरी बैलाचे तोंड इतके घासले गेले की त्याचा रंग उडाला. तो बैल मी पाहिला आहे.

परंतु एक मर्यादा ध्यानात ठेवावी. मोठ्या भावंडाने दाखवावयाचे आहे. घासावयाचे काम त्याच्यावर सोपवू नये. आधीच आपल्या मुलींवर लहान भावंडांचा भार असतो. त्यात हाही घातला तर शिक्षणाच्या नावाने आपणच तिचे बालपण कमी करू. हे काम मुलांनाही सांगावे, केवळ मुलींना नव्हे. शेवटचा हात आईचा, बापाचा किंवा आजीचा असला पाहिजे, आणि तोही सात-आठ वर्षांपर्यंत. याचे कारण शिक्षकाला निराळे समजावून सांगावयास नको. ज्या हाताला अजून ‘ळ’ आणि ‘क्ष’ वळणदार काढता येत नाही, त्या हाताला मागच्या दाढेच्या आतल्या बाजूने ब्रश कसा फिरविता येईल?

पेस्ट किती घ्यावी याविषयी घरोघरी गैरसमज आहे. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवितात ती विकण्यासाठी. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी, तिच्या वेष्टनावर सुमारे १००० पीपीएम असे लिहिलेले असते. परंतु तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी, आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत हरभऱ्याच्या दाण्याएवढी. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेनेही २०१४ मध्ये याच मापाची शिफारस केली. लहान मुलाला थुंकता येत नाही, ते थोडी पेस्ट गिळणारच. म्हणून माप महत्त्वाचे. घासून झाल्यावर खळखळून अनेक चुळा भरू नयेत, थुंकून टाकणे पुरे. पेस्टचा जो अंश दातावर राहतो तोच रात्री काम करतो. आणि घासताना मुलाने बसलेले असावे. ब्रश तोंडात धरून धावणारे मूल पडले तर टाळ्याला इजा होते. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी मोठ्यांसाठी वाईट नाही. जेथे तशी चाल आहे तेथे जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला उत्तेजन दिले आहे. मात्र काडी चावून तिचा कुंचला करण्याइतके बळ लहान मुलाच्या दातांत नसते आणि टोक घशात लागण्याची भीती असते. राखुंडी, कोळसा, विटेचा भुगा यांनी दात पांढरे दिसतात ते झिजल्यामुळे.

आता ज्या विषयाकडे मी थोडा संकोचाने येत आहे तो म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही भुकटी आपल्या पुष्कळ आजीबाई सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावतात, आणि त्यांच्या मते ते दात घासणेच असते. मी वर म्हटले की लहान मूल नक्कल करते. मग ते कोणाची नक्कल करील? ओसरीवर आजी डबी उघडून बसते आणि नातू तिच्या मांडीवर बसून डबीत बोट घालतो, हे दृश्य मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. घरची माणसे कौतुकाने हसतात. दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणून मुलाच्या हिरडीला चिमूटभर लावणाऱ्याही आहेत. हे औषध नव्हे. तंबाखूतील विष त्या एवढ्याशा देहात जाते आणि पुढे सवय होते. दंतमंजनात व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला मात्र कोणता निरीक्षक अडविणार? आणि ओसरीवर बाप खर्रा घोटत असेल तर आजीला तरी कोणत्या तोंडाने सांगावे, हाही प्रश्न आहेच.

आजीबाईंना उपदेश करून उपयोग नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्यांची सवय साठ वर्षांची आहे. परंतु नातवासाठी त्या काय करणार नाहीत? “आजी, तुम्ही डबी आत जाऊन उघडा, लेकरापुढे उघडू नका, आणि रात्री त्याचे दात तुमच्याच मांडीवर घासू द्या,” असे सांगितले तर त्या ऐकतात. दात घासण्याचे मानाचे काम त्यांच्याकडे दिले की डबी आपोआप थोडी दूर सरकते. सर्वांची सरकेल असे नाही. पण मुलासमोरून दूर गेली तरी मोठेच काम झाले.

आपल्या जिल्ह्यात हे तत्त्व नवे नाही. शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात येत तेव्हा प्रथम हाती खराटा घेऊन स्वतः झाडू लागत, कीर्तन रात्री. झाडणाऱ्या हाताकडे पाहून लोकांचे हात खराट्याकडे वळत. ताराबाई मोडक, ज्यांचा विवाह अमरावतीच्या एका वकिलांशी झाला होता आणि ज्यांनी पुढे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण केंद्र काढले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे पाहून ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि तेथील पहिला पाठ हात-तोंड धुण्याचा व केस विंचरण्याचा होता. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामातून आला. देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात तिच्या अगदी पहिल्या प्रकल्पांत आपल्या मेळघाटातील धारणी होते. मेळघाटात ही भावंडांची पद्धत विशेष उपयोगी पडेल असे मला वाटते. कारण घरात कोरकू बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला आपले मराठी कळत नाही, पण दादाने उघडलेले तोंड कळते.

अंगणवाडी आणि शाळा पुष्कळ गावी एकाच आवारात आहेत. तेथे पोषण आहारानंतर मुलांना एकत्र बसवून दात घासावयास लावता आले तर उत्तमच. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून बालवाड्यांतून रोज शिक्षिकेच्या देखरेखीखाली मुलांकडून दात घासून घेण्याचा कार्यक्रम वाढविण्यात आला. तेथे पहिल्या इयत्तेतील ज्या मुलांच्या दातांवर कीड दिसत नव्हती त्यांचे प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होते, ते २०१८ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. अर्थात तेथे दंतवैद्यांची भेट, दातांवर लेप, घरी नेण्यास ब्रश-पेस्ट हेही जोडीला होते, आणि ते देश श्रीमंत आहेत. तरी त्यातील मुख्य गोष्ट फुकट आहे: घरी तोंड न उघडणारे मूल चार मुलांच्या रांगेत बसले की उघडते. अंगणवाडीसेविका ताईंशी बोलून याचा विचार करावा. ब्रश प्रत्येकाचा वेगळा, त्यावर मुलाचे चिन्ह (फूल, पक्षी, बैल), आणि ठेवताना एकमेकांना न लागता उभे ठेवावेत. झाकण लावलेल्या डब्यात ओले ब्रश कोंबू नयेत.

ब्रश कोठून आणावेत, असे आपण विचाराल. मागे एकदा एका संस्थेने काही शाळांत ब्रश वाटले, छायाचित्रे काढली आणि मंडळी निघून गेली. पुढे त्यांपैकी काही ब्रश सायकलीच्या साखळ्या पुसताना माझ्या पाहण्यात आले. वाटलेल्या वस्तूला घरात जागा नसते; घेतलेल्या वस्तूला असते. लहान ब्रश पंधरा-वीस रुपयांस मिळतो आणि तीन महिने पुरतो. तेवढ्या काळात त्या मुलासाठी दुकानातून किती पाच-पाच रुपयांचे पुडे येतात, याचा हिशेब चौथीच्या मुलांकडून गणिताच्या तासाला करून घ्यावा. तो हिशेब ती मुले घरी जाऊन सांगतातच. आपल्याला काही बोलावे लागत नाही.

पहिलीतील मुलांचे ओठ उचलून महिन्यातून एकदा पाहावे, आणि मातांनाही तसे पाहावयास शिकवावे. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी मळकट रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात समजावी. तेथे अजून घासण्याने व फ्लोराइडने सावरता येते. तपकिरी खळगा दिसला तर वैद्यकीय मदत हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि दातांचे विकार त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत. पथक येण्यापूर्वीच आपण अशा मुलांची नावे वेगळी काढून ठेवली तर घाईच्या तपासणीत ती निसटत नाहीत. मात्र एक सावधगिरी बाळगावी. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते, उदाहरणार्थ शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही गावे, तेथील मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे चट्टे किंवा तपकिरी पट्टे दिसतात. ते घासून जात नाहीत. अशा मुलाला ‘दात घासत नाहीस’ म्हणून वर्गासमोर उभे करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तेथे पाण्याच्या तपासणीसाठी ग्रामपंचायतीला पत्र द्यावे.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील ज्या मुलांना तीन वर्षांच्या आतील भावंड आहे त्यांची यादी आणावी. नावापुढे दोनच रकाने असावेत: घरी लहान मुलाचे दात रात्री कोण घासते, आणि मूल घासू देते की नाही. दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ आले तर त्याखाली कारण लिहावे; ‘हट्टी’ हे कारण धरले जाणार नाही.